एलिझाबेथ हे नाव खरंच 'फार कॉमन' झालंय का? सोशल सिक्युरिटीच्या नावांच्या साइटचा रिव्ह्यू

मुलीसाठी एखादं जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं नाव ठरवलं की लगेच लोक सांगायला लागतात, अगं ते फार कॉमन आहे, वर्गात चार जणी असतील त्या नावाच्या. माझी मावसबहीण अमेरिकेत असते, नवरा तिकडचाच, त्याच्या आजीचं नाव एलिझाबेथ आणि दोघांनाही तेच हवंय, पण दोन्ही घरांतून इतकं ऐकवलं की ती बिचारी डळमळायला लागली. म्हणून मी अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनची बाळांच्या नावांची जी सरकारी साइट आहे ती नीट बसून वापरली, आणि ज्यांना असाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी सर्व्हिस काय आहे ते सांगते. तिकडे बाळ जन्मलं की सोशल सिक्युरिटी कार्डासाठी (आपल्या आधारसारखा सरकारी नंबर) अर्ज होतो, त्या अर्जांमधली पहिली नावं मोजून ही यादी बनते, सर्व्हे वगैरे काही नाही, आलेले सगळे अर्ज. १८८० पासूनचा डेटा आहे. पूर्णपणे फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, ईमेल मागत नाहीत, आणि बाळाची नावं सुचवणारी जी ढीगभर ॲप्स आहेत त्यांच्यासमोर हे फारच सुखाचं वाटतं कारण तिथे प्रत्येक नावाखाली 'ट्रेंडिंग' लिहिलेलं असतं आणि ते कशावरून ते कुणीच सांगत नाही. इथे दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास मागच्या वर्षाचे आकडे येतात.

आता माझा मुख्य मुद्दा. साइटवर नाव टाकलं की तुम्हाला मिळतो रँक. फक्त रँक. आणि रँक बघून माणूस घाबरतो. एलिझाबेथ १८८० मध्ये चौथ्या नंबरवर होतं आणि तेव्हापासून आजपर्यंत एकदाही पहिल्या तिसातून बाहेर गेलेलं नाही, हे वाचलं की वाटणारच ना, बापरे, मग घरोघरी एलिझाबेथच असणार. पण साइटवर दुसरा एक फॉर्म आहे, वर्षानुसार यादी मागायचा, त्यात टक्केवारी किंवा जन्मांची संख्या दाखवा असा पर्याय असतो, तो प्लीज निवडा. तो निवडल्यावर सगळं चित्रच वेगळं दिसतं.

१८८० मध्ये पहिल्या नंबरवर होतं मेरी, आणि यादीतल्या मुलींपैकी सात टक्क्यांच्या आसपास मुली मेरी होत्या. १९४७ मध्ये लिंडाने मेरीला खाली खेचलं, त्या एका वर्षात जवळजवळ एक लाख लिंडा जन्मल्या, सुमारे साडेपाच टक्के. मग १९७० ते १९८४ सलग जेनिफर, ऐन भरात असताना चार टक्क्यांच्या जवळ. आणि आत्ताचं पहिल्या नंबरचं नाव, ऑलिव्हिया, २०१९ पासून तिथे आहे, त्याचं प्रमाण किती? एक टक्क्याच्या आसपास, अलीकडे तर त्याच्याही खाली. म्हणजे आजचं सगळ्यात लोकप्रिय नाव हे पूर्वीच्या नंबर एकच्या तुलनेत काहीच नाही, कारण आता आईवडील इतकी वेगवेगळी नावं ठेवतात की कुठलंच एक नाव फार वर चढत नाही.

एलिझाबेथ १८८० मध्ये दोन टक्क्यांच्या जवळ होतं, आता अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. साधारण अडीचशे मुलींमागे एक धरा. वर्गात आणखी बारा मुली आहेत असं समजलं तर त्यांच्यात अजून एक एलिझाबेथ निघायची शक्यता वीस वर्गांपैकी एखाद्या वर्गात. हाच हिशोब सत्तरच्या दशकातल्या जेनिफरसाठी केला तर पाचपैकी दोन वर्गांत दुसरी जेनिफर सापडते. 'वर्गात चार जणी' हे जे लोक म्हणतात ना, ते स्वतःच्या शाळेच्या आठवणीतून बोलतात आणि त्यांच्या काळापुरतं ते खरंही होतं, पण ते आज जन्मणाऱ्या मुलीला लागू होत नाही. आणि हे मला मनापासून वाटतं की आवडलेलं, घरातल्या माणसाचं नाव निव्वळ या भीतीपोटी सोडून देणं फार वाईट आहे.

आणि आज दुर्मिळ म्हणून निवडलेलं नाव दुर्मिळ राहीलच याचीही खात्री नाही. एमाचं बघा. १८८० मध्ये तिसरं, नंतर घसरत घसरत १९७० च्या दशकात चारशेच्या पलीकडे, आणि २००८ मध्ये थेट पहिल्या नंबरवर, मग पुन्हा २०१४ ते २०१८ पहिलंच. सत्तरच्या दशकात ज्यांनी कुणाचंच नाही म्हणून मुलीला एमा म्हटलं असेल त्यांची मुलगी आज लहान लहान एमांच्या गर्दीत आहे. उलट मेरी, जिच्याएवढं वापरलेलं दुसरं नाव नसेल, ती आता पहिल्या शंभरातही नाही, म्हणजे आज कुणी मुलीचं नाव मेरी ठेवलं तर वर्गात ती बहुतेक एकटीच असेल.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत. सगळ्यात मोठी म्हणजे प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजलं जातं. सोफिया पीएच वालं वेगळं, एफ वालं वेगळं, आणि दोन्ही पहिल्या विसात आहेत! हाक मारताना दोन्ही एकच, मग पालकांच्या दृष्टीने खरी संख्या दोघींची बेरीज हवी ना. कॅथरीनचं तर विचारूच नका, सी ने, के ने, वाय घालून, किती तऱ्हा. एलिझाबेथमध्येही एस वालं वेगळं आहे पण ते कमी असल्याने फार फरक पडत नाही. हायफन आणि स्पेस मात्र काढून टाकतात म्हणून ज्युली-ॲन जोडून लिहा नाहीतर तोडून, एकच धरलं जातं, म्हणजे एकत्र करायची सोय त्यांना जमते, स्पेलिंगचीच जमवत नाहीत.

दुसरं, हाक मारायची नावं यात नाहीत. कागदावर एलिझाबेथ असलेली मुलगी घरी लिझ, बेथ, एलायझा, बेट्सी काहीही असू शकते, आणि माझ्या मते या नावाची हीच खरी ताकद आहे, दोन एलिझाबेथ एका वर्गात आल्या तरी एक बेथ होते आणि एक लिझी. पण बेटीसारखं, एलिझाबेथचंच छोटं रूप असलेलं नाव कधीकधी स्वतंत्रपणेही ठेवलं जातं (१९३० मध्ये ते दुसऱ्या नंबरवर होतं) आणि मग कोण कुठे मोजलं गेलं ते कळत नाही. मधलं नावही धरत नाहीत.

जुन्या आकड्यांबद्दल थोडं जपून. सोशल सिक्युरिटी नंबर द्यायला सुरुवातच १९३६ च्या शेवटी झाली, त्याआधी जन्मलेल्या कितीतरी जणांनी कधी अर्जच केला नाही, म्हणून १८८० ची टक्केवारी अंदाजासाठी ठीक, तंतोतंत नाही. शिवाय वर्षात पाचपेक्षा कमी वेळा आलेलं नाव प्रायव्हसीसाठी वगळतात. साइटवर पहिली हजारच नावं दिसतात, पुढचं बघायचं तर झिप फाइल डाउनलोड करावी लागते, वर्षाला एक अशा साध्या टेक्स्ट फाइली असतात, मोबाइलवर उघडायचा कंटाळा येतो, लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाका. राज्यवार डेटा १९१० पासूनचा आहे आणि तो जरूर बघा कारण देशभरात खाली असलेलं नाव तुमच्या राज्यात बरंच वर असू शकतं, शेवटी मुलगी शाळेत जाणार ती तिथल्याच. शहरवार मात्र काही नाही.

दिसायला साइट अगदी रुक्ष आहे, ग्राफबिफ काही विशेष नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो स्पेलिंगसाठी आणि टक्केवारीचा पर्याय असा बाजूला ठेवल्यासाठी, कारण घाबरलेले आईवडील पहिल्यांदा नाव टाकून रँकच बघणार आणि तिथेच साइट बंद करणार. नाव टाकल्यावर रँकच्या शेजारीच 'इतक्या मुलींमागे एक' असं आलं तर पाचवा स्टारही देईन. बहिणीला मी राज्यवार फाइल काढून पाठवलीय, तिच्या राज्यातला एलिझाबेथचा आकडा ती आता सासूबाईंना दाखवणार आहे.