जमेचा रकाना नसलेली वही

सूत व्यापाऱ्याकडे चौतीस वर्षं खतावणी लिहिली, त्यामुळे वही हातात आली की मी आधी शिवण बघतो. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळातल्या बाइंडरकडून २०२५च्या ऑगस्टात एक वही मुद्दाम आखून घेतली. तेरा आठवड्यांच्या दोन फेऱ्या झाल्या, आता बोलायला हरकत नाही. दुकानाचं नाव देत नाही. त्या बिचाऱ्याला माझा त्रास आधीच पुरेसा झालाय.

वही कशासाठी, ते सांगतो. पुण्यात रास्ता पेठेत माझे एक जुने स्नेही आहेत, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. पूर्वज कोकणातले, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्या नव्याच्या सणाआधी, म्हणजे नववर्षाआधी, एलुल महिना येतो, २९ दिवसांचा. त्यात माणसाने स्वतःचा वर्षाचा हिशेब घ्यायचा. हिब्रूत त्याला 'हेश्बोन हनेफेश' म्हणतात, जिवाचा हिशेब. त्यांचा हेश्बोन आणि अरबीतून आपल्याकडे आलेला हिशेब एकाच मुळाचे, हे कळल्यावर मला आपल्या धंद्याचा उगाच अभिमान वाटला.

१८०८ साली मेनाखेम मेंडेल लेफिन या यहुदी विद्वानांनी याच नावाचं पुस्तक काढलं. पद्धत मूळची अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची. तेरा गुण, दर आठवड्याला एकावर भर, वर्षात चार फेऱ्या, बरोबर बावन्न आठवडे. पुढे लिथुआनियात स्वभाव घडवण्यावर भर देणारी 'मुसार' चळवळ उभी करणाऱ्या इस्राएल सालांतेर यांनी ते पुन्हा छापवून घेतलं. मी यहुदी नाही, रोज सकाळी सिद्धेश्वराला जाणारा माणूस. पण आखणी ऐकली आणि हात शिवशिवले. आडव्या तेरा ओळी, उभे सात रकाने. चुकलं की त्या दिवसाच्या घरात ठिपका.

हे सगळं कागदावर काढून दिलं होतं. आठ दिवसांनी गेलो तर पहिल्या पानावर 'श्री', त्यावर कुंकवाचं बोट. इथपर्यंत ठीक. आत ओळी बारा, आणि पानोपानी डावीकडे जमेची बाजू, उजवीकडे नावेची.

"काका, जमा नाही तर वही पुरी कशी व्हायची?"

चार गिऱ्हाइकांसमोर मी आवाज चढवला. मला शिकवू नका म्हणालो, दिलेले दोनशे परत मागितले. तो एवढंच म्हणाला, "उसवतो काका, परत शिवतो." तीन दिवसांनी नवी वही तयार होती, जादा पैसे न घेता. घरी येऊन उघडली. पहिली ओळ चित्ताची शांती, दुसरी सहनशीलता. दोन्हीकडे ठिपका देऊनच सुरुवात झाली.

वही म्हणून बोलायचं तर माल चोख. दोऱ्याची शिवण, वही सपाट उघडते, मध्ये तळहात ठेवून दाबावी लागत नाही. कागद जाड, शाई मागे उमटत नाही. लाल कापडाचा पुठ्ठा, अगदी पेढीवरचा वाटतो. ३२० रुपये पडले. खोट एकच, आखणी हाताची असल्याने बऱ्याच पानांवर सातवा रकाना चिंचोळा झालाय, म्हणजे शनिवारचा. पुण्याला फोनवर सांगितलं तर स्नेही हसले. "आम्ही शनिवारी लिहीतच नाही. रात्री तारे दिसले की मग. चालेल तुमचा चिंचोळा."

जमेचा रकाना नसणं मात्र फार जड गेलं. रोजकीर्दीची शिल्लक जुळली की झोप लागायची सवय. इथे रविवारी सुनेवर खेकसलो, सोमवारी तिची औषधं आणून दिली, तरी रविवारचा ठिपका तिथेच. सोमवारचं घर नुसतं कोरं राहतं. दोन-तीनदा मी समासात बारीक अक्षरात चांगलं काम टिपून ठेवलं, मग लाज वाटून खोडलं. खाडाखोड दिसते अजून.

ठिपके मिटायचे कसे, हेही विचारलं. योम किप्पूरला, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्याला हे लोक मराठीत दारफळणीचा सण म्हणतात, देवाशी झालेलं मिटतं. माणसाशी झालेलं त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय मिटत नाही, असं मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मग्रंथातच आहे. त्यांचे जुने धर्मशास्त्री मैमोनिदेस तर म्हणतात, नाही ऐकलं तर तीनदा जा.

२०२५ला तो सण २ ऑक्टोबरला होता, म्हणजे आपल्या दसऱ्यालाच. आपट्याची पानं घेऊन बोळात गेलो. कागद कापायच्या कटरला झेंडूचा हार घातलेला. सोनं दिलं, त्या दिवशी जास्त बोललो म्हणालो. त्याने पायाला हात लावला, चहा मागवला आणि विचारलं, "तेरावी ओळ बसली का नीट?"

परवा पुढची वही सांगायला गेलो. या वेळी ओळी माझ्यासमोर बोटाने मोजल्या. मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला, "काका, जमेला एक बारीक रकाना ठेवू का? कुणाला सांगणार नाही."