हरभऱ्याच्या ओलितावर वाचलेली बिबट्यांची प्रेमकथा

नलिनी सिंग यांची ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ (२००६) ही इंग्रजी कादंबरी सोयाबीन निघाल्यावर फोनवर घेतली. हरभऱ्याला लाईन रात्रीचीच. मोटर सुरू केली की स्प्रिंकलरचे पाइप बदलेपर्यंत वेळच वेळ. मित्र म्हणाला, “काहून बे, बिबट्याच्या लव्हस्टोऱ्या वाचून राह्यला?” हो. संपवली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि आता लिहितोय.

काळ २०७९, जागा सॅन फ्रान्सिस्को. सत्ता ‘साय’ या मनःशक्तीवाल्या जमातीची. आपल्यातली हिंसा आणि वेड आवरायला त्यांनी १९७९ पासून लेकरांच्या भावनाच मारायची तालीम सुरू केली. साशा डंकन त्यांच्यातलीच, पण तिला आतून सगळं जाणवतं. उघडकीस आलं तर डोकं पुसून टाकतात. तिच्यासमोर येतो लुकस हंटर, बिबट्याचं रूप घेणाऱ्यांचा म्होरक्या.

पुस्तकाची खरी ताकद साशाचं हे लपवणं. आई सत्ताधारी मंडळात, तिच्यासमोर चेहरा सपाट ठेवायचा. आमच्याकडे पोरगी मोठ्यानं हसली तरी कोणीतरी वळून बघतंच, त्यामुळे असेल, तिचा आटापिटा परका वाटत नाही. दुसऱ्या वाचनात प्रेमातली धग ओसरली, हा भाग मात्र आणखी चढला. त्यात सगळ्या सायंची मनं एका जाळ्याला जोडलेली; जाळं तुटलं की माणूस मेला. बहुतेक प्रेमकथांत दोघं पाच मिनिटं नीट बोलली तर पुस्तक संपेल. इथं बोलून भागत नाही, पळूनही जाता येत नाही.

आता बिबट. मी ताडोब्याच्या बफरमधला. आमच्या गावात बिबट येतो तो एकटा, गोठ्यामागून कुत्रं उचलतो, सकाळी ओल्या मातीत पंजा तेवढा दिसतो. मादीमागं पिल्लं असतील तेवढीच सोबत. कादंबरीतल्या बिबट्यांना मात्र कळप आहे, उतरंड आहे, पहारेकरी आहेत. ही लांडग्यांची रीत, आणि लांडगे तर याच पुस्तकात वेगळे आहेतच! शिवाय लुकस बिबट होतो फार थोडा वेळ. एरवी तो तापट, तीक्ष्ण नाकाचा माणूसच. कोणी कोणाला किती स्पर्श करायचा याचे त्यांचे कायदे मात्र झकास, तिथं जनावर खरंच जाणवतं.

गोष्टीत एका मारेकऱ्याचा शोधही आहे; तो तपास मधेच रेंगाळतो, दुसऱ्यांदा मी ती पानं सरळ ओलांडली. आणि जोडीदार कोण हे एकदा लुकसच्या रक्तानंच ठरवल्यावर साशाच्या होकाराला वजन उरत नाही. ही तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते.

इंग्रजी सोपं आहे. शृंगार भरपूर आणि उघड आहे; घरात एकच फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर जपून.

२००७ चा दुसरा भाग, ‘व्हिजन्स ऑफ हीट’, आता सुरू केलाय. नायक जग्वार आहे. राहतो बिबट्यांच्या कळपात.