७७५ डीसी मोटर: वेग वाढवायचा तर आधी टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा

किमतीच्या मानाने ७७५ ही ब्रशवाली मोटर दणकट आहे. अंग साधारण ४२ मिमी व्यासाचं, शाफ्ट ५ मिमी. घेताना पुढच्या बाजूला बॉल बेअरिंग आहे ना हे बघा. नुसत्या बुशवाला (बेअरिंगऐवजी साध्या कड्यात शाफ्ट फिरणारा) नग पट्टा ताणला की लवकर खडखडतो. लेबलवरच्या आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) मात्र विसंबू नका. तो आकडा बिनभाराचा असतो, आणि १२ व्होल्टचा की २४ चा, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

वेग कमी पडला की मोटरला बोल लावला जातो, पण मोटर चालू असताना, भार असताना, तिच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून तर बघा. बॅटरी मीटरभर लांब असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर वायर होते. ०.५ चौरस मिमीच्या वायरीत १० अँपिअरला जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, २.५ चौरस मिमीच्या वायरीत जेमतेम ०.१६. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधल्या १८६५० सेलचे (दंडगोल लिथियम सेलचे) व्होल्टही असेच भाराखाली पडतात. २० अँपिअर सलग देणारे सेल घ्या, सॅमसंगचा २५आर त्यातलाच. सुरू होताना मोटर क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे बीएमएस (बॅटरी पॅकचं संरक्षण करणारं सर्किट) लहान असेल तर तो लगेच पुरवठा तोडतो.

एवढं करूनही वेग हवा असेल तर तीनऐवजी चार सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडून) घ्या: ११.१ चे १४.८ व्होल्ट. बिनभाराचा वेग साधारण एक तृतीयांशाने वाढतो. पंखा लावलेला असेल तर जरा जपून, कारण वेग एक तृतीयांशाने वाढला तर त्याला टॉर्क (फिरवणारा जोर) १.७८ पट लागतो आणि करंटही जवळपास तेवढाच चढतो. मोटरमधल्या वाइंडिंगच्या (गुंडाळलेल्या तारांच्या) उष्णतेत करंटच्या वर्गाने वाढ होते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून अंगाला बोट लावा. टेकवून ठेवता येत नसेल तर भार कमी करा. वार्निशचा वास आला म्हणजे वाइंडिंग करपायला लागलं.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पुरवठा भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारा) पूर्ण फिरवला तरी बॅटरीपेक्षा जास्त व्होल्ट देत नाही. १५० वॉटचा बूस्ट मॉड्यूल (व्होल्ट वाढवणारं सर्किट) मध्ये घालायचा विचार सोडाच, सुरुवातीचा करंट त्याला झेपत नाही.

ग्राइंडिंग व्हील लावणार असाल तर त्यावर छापलेली कमाल आरपीएम वाचूनच चौथा सेल जोडा.