शेलचेक: फुकटचा, पण खडूस तपासनीस

आमच्या पतसंस्थेतले दोन लिनक्स सर्व्हर मी एकटीच सांभाळते. आधीच्या माणसाने जाताना २३ शेल स्क्रिप्ट (शेल, म्हणजे लिनक्सच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, त्याला एकामागून एक द्यायच्या कमांडच्या फाइली), पर्ल या भाषेतल्या ४ आणि एक वही मागे ठेवली. वहीत पासवर्ड होते. स्क्रिप्टमध्ये कॉमेंट एकही नव्हती.

शेलचेककडे, म्हणजे शेल स्क्रिप्ट न चालवता तिच्यातल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळले ते हात पोळल्यावर. जुने बॅकअप पुसणारी स्क्रिप्ट आधी सीडी (फोल्डर बदलायच्या) कमांडने बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपच्या फोल्डरात जायची आणि मग ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवायची. एका रविवारी बाहेरची डिस्क जोडलेलीच नव्हती. सीडी फसलं, स्क्रिप्ट मात्र थांबली नाही. होती तिथेच तिने साफसफाई उरकली, म्हणजे माझ्या होम फोल्डरात.

नंतर तीच स्क्रिप्ट शेलचेकला दिली, तर नेमक्या त्या ओळीखाली शेरा: एससी२१६४, सीडी जमलं नाही तर बाहेर पडायची सोय करा. दोन सेकंदही लागले नाहीत. चिडले, पण कोणावर चिडायचं?

उबंटू लिनक्सवर ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने शेलचेक एका ओळीत बसतं. त्याच्या वेबसाइटवर स्क्रिप्ट चिकटवूनही तपासता येते (पासवर्डवाली चिकटवू नका). मला सगळ्यात आवडलं ते हे की प्रत्येक शेऱ्याला क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाचं विकीवर पान: चुकीचा कोड, बरोबर कोड, आणि असं का. माझ्याकडचे निम्म्याहून जास्त शेरे एससी२०८६चे निघाले, व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण नाही. ‘मार्च अहवाल.पीडीएफ’ अशी फाइल आली की मधल्या जागेवर शेल तिचे दोन तुकडे करतं, हे मला त्या पानावर कळलं. सात वर्षं नोकरी झाल्यावर!

पायथॉनची सवय असलेल्यांना तर हे हवंच. तिथे पेप ८, म्हणजे कोड कसा लिहावा याची पायथॉनची नियमावली, सांगते, व्हेरिएबलला किंमत देताना बरोबरच्या (=) चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. शेलमध्ये तशी सोडली की ते व्हेरिएबलचं नावच कमांड समजून चालवायला जातं. माझी बोटं अजून रोज चुकतात, शेलचेक रोज पकडतं.

खोडी आहेत. झेडशेल या दुसऱ्या शेलच्या स्क्रिप्ट चालत नाहीत. स्क्रिप्टमध्ये दुसरी फाइल सोर्स केली, म्हणजे आत ओढून घेतली, की ‘ती वाचली नाही’ ही कुरकुर सुरू. इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) ते सरळ करून देत नाही, त्यासाठी एसएचएफएमटी हा प्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागतो. पर्लला तर ते हातच लावत नाही. तिथे पर्लटायडी या पर्लची मांडणी नीट करणाऱ्या प्रोग्रॅमने कंस रांगेत आणले, पण दीड ओळीचा रेगेक्स (मजकूर शोधायचा सांकेतिक नमुना) होता तसाच अगम्य राहिला.

आणि व्हेरिएबलच्या नावांबद्दल शेलचेकचा चकार शब्द नाही. टेम्प, टेम्प२, टेम्पनवा, सगळे बिनबोभाट पास. टेम्प२ म्हणजे काय, हे शेवटी आधीच्या माणसालाच फोन करून विचारलं. त्यालाही आठवेना.