बारा प्रेतं की एकच?

खून, रहस्य आणि हसू एकाच चित्रपटात हवं असेल, तर जुन्या हॉलिवूडमधली दोन नावं चटकन पुढे येतात. एक फ्रँक काप्राचा ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ (१९४४), दुसरा आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द ट्रबल विथ हॅरी’ (१९५५). दोन्हींत प्रेतं आहेत आणि त्यांची विल्हेवाट लावणारी अतिशय सभ्य माणसं आहेत. पण हे चित्रपट हसवतात अगदी वेगळ्या वाटेने. आधी कुठला पाहायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारेन: प्रेत सापडल्यावर पडद्यावर कुणीतरी हादरलेलं तुम्हाला हवंय का?

काप्राच्या चित्रपटात असा माणूस आहे. मॉर्टिमर ब्रूस्टर, म्हणजे कॅरी ग्रँट. नाट्यसमीक्षक, नुकतंच लग्न झालेलं, ब्रुकलिनमधल्या आपल्या दोन म्हाताऱ्या आत्यांना ही बातमी सांगायला आलेला. खिडकीखालच्या पेटीवजा बाकाचं झाकण तो उचलतो, तर आत प्रेत. आत्या शांतपणे सांगतात की हा बारावा. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना एल्डरबेरीच्या वाइनमधून विष पाजून त्या ‘सुखी’ करतात, आणि त्यांच्या लेखी हे पुण्यकर्म आहे. घरातला टेडी स्वतःला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समजतो. तो तळघरात पनामा कालवा खणतो आणि पीतज्वराने दगावलेले म्हणून या मंडळींना तिथेच पुरतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासातलं आहे, तेव्हा रसभंग झाला असं समजू नका.

यापुढचा चित्रपट ग्रँटच्या चेहऱ्यावर चालतो. डोळे विस्फारणं, उड्या मारणं, दारांतून आत-बाहेर पळणं. त्याचा हा अभिनय पुष्कळांना भडक वाटतो. मला मात्र तो इथे गरजेचा वाटतो, कारण आत्यांच्या भूमिकेतल्या जोसेफिन हल आणि जीन अडेअर इतक्या गोड, इतक्या स्थिर आहेत की समोर कुणीतरी ओरडल्याशिवाय त्यांचा भयंकरपणा जाणवलाच नसता. दोघींनी या भूमिका आधी ब्रॉडवेवर केल्या होत्या आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला ती रंगमंचावरची सफाई आहे. जोसेफ केसेलरिंगचं मूळ नाटक १९४१ साली आलं. चित्रपटाचं चित्रीकरणही त्याच वर्षी झालं, पण नाटकाचे प्रयोग संपेपर्यंत तो दाखवायचा नाही असा करार होता आणि नाटक १९४४पर्यंत चाललं. नाटकात मॉर्टिमरच्या क्रूर भावाचं, जोनाथनचं काम भयपटांतला प्रसिद्ध नट बोरिस कारलॉफ करायचा आणि ‘हा कारलॉफसारखा दिसतो’ यावर हशा वसूल व्हायचा. तो रंगमंचावरच अडकून राहिला, चित्रपटात ती भूमिका रेमंड मॅसीकडे गेली. विनोद टिकला, पण त्याची निम्मी गंमत हरवली याची हळहळ वाटते.

माझी आवडती जागा उत्तरार्धात आहे. नाटकातल्या मूर्ख पात्राला पाठीमागचा धोका कसा दिसत नाही, हे मॉर्टिमर खुर्चीत बसून रंगवून सांगतोय आणि त्याच वेळी त्याच्या पाठीशी त्याला बांधायची दोरी तयार होतेय. मानसिक आजाराकडे पाहण्याची चित्रपटाची नजर मात्र जुनी आहे, ती आज टोचते.

‘हॅरी’त कुणीच हादरत नाही. अमेरिकेतलं व्हर्मॉन्ट, पानगळीचे लाल-पिवळे डोंगर, आणि रानात मरून पडलेला एक माणूस, हॅरी. सशाच्या शिकारीला निघालेल्या म्हाताऱ्या कॅप्टनला वाटतं, आपल्याच गोळीने हा मेला. तो प्रेत ओढत असताना गावातली एक प्रौढ बाई समोर येते, काय अडचण आहे असं विचारते आणि त्याला कॉफीला बोलावते. पुस्तकात डोकं घातलेला डॉक्टर प्रेताला अडखळून तसाच पुढे जातो. हॅरीला कितीदा पुरतात आणि कितीदा उकरून काढतात, ते तुम्हीच मोजा. जॅक ट्रेव्हर स्टोरीच्या मूळ कादंबरीतलं इंग्लंड बदलून हिचकॉकने कथा इथे आणली, पण स्वभाव इंग्रजीच राहिला: आवाज न चढवता बोलणं.

‘कुणी मारलं?’ हा प्रश्न इथे शेवटपर्यंत जिवंत राहतो, म्हणून दोघांत रहस्यपट म्हणावा तर हाच. पण हिचकॉकच्या नावावर छाती धडधडण्याची अपेक्षा घेऊन बसाल तर हिरमुसाल. मधला भाग रेंगाळतो, आणि पोलिसाचं पात्र फारच कच्चं आहे. तरी शर्ली मॅक्लेनचा हा पहिला चित्रपट आहे. ती हॅरीची बायको झाली आहे; नवरा मेल्याचं तिला काडीचंही दुःख नाही, आणि हे ती इतकं निर्मळपणे बोलते की आपल्याला तिचा राग येत नाही. बर्नार्ड हरमनने हिचकॉकसाठी दिलेलं हे पहिलं संगीत. याच जोडीच्या ‘सायको’ला अजून पाच वर्षं होती.

घरभर माणसं जमली असतील तर ‘आर्सेनिक’ लावा. जवळजवळ दोन तासांचा आहे, कृष्णधवल आहे, पण लय कुठे मोडत नाही. एकटे असाल, किंवा शेजारी न बोलता हसणारं माणूस असेल, तर ‘हॅरी’. माझं मन त्याच्याकडेच ओढ घेतं, कारण तिथे घाबरण्याचं काम प्रेक्षकावर सोपवलेलं आहे. मोठ्या, रंग नीट दाखवणाऱ्या पडद्यावरच पाहा. आणि ती प्रौढ बाई दुकानात कॅप्टनसाठी कप विकत घेते, पुरुषाचं बोट कपाच्या कानात बसतं का हे दुसऱ्याच्या बोटावर तपासून बघते, तिथपर्यंत थांबा. रानात प्रेत आहे आणि हिला पाहुण्याच्या कपाची काळजी! त्या कपाने तुम्हाला हसू आणलं नाही, तर खुशाल बंद करून ब्रुकलिनला जा.