मॅचच्या दिवशी घरी मिसळ की पावभाजी?

घरी पंधराएक माणसं मॅच बघायला येणार, खर्च आवाक्यात ठेवायचाय आणि तरी सगळ्यांचं पोट भरलं पाहिजे, असं ठरलं की आपल्याकडे गाडी फिरून फिरून दोनच पदार्थांवर येते. मिसळ नाहीतर पावभाजी. आमच्याकडे दोन्ही करून झालंय, आयपीएललाही आणि वर्ल्डकपलाही, त्यामुळे जे अनुभवलं तेच सांगतो. तुमचं घर, तुमची माणसं वेगळी असतील, तेवढं धरून वाचा.

बाहेरून मागवायचा पर्याय मी धरतच नाही. पंधरा जणांची बिर्याणी म्हणजे तीन हजाराच्या खाली बिल येत नाही आणि मोठ्या मॅचच्या संध्याकाळी अख्खं शहर एकाच वेळी मागवत असतं, म्हणजे जेवण येतं तेव्हा ते गार असतं आणि पहिला डाव संपलेला असतो.

आधी पैशाचं बोलू, कारण बहुतेकांना वाटतं तिथे मोठा फरक पडेल. तसा पडत नाही. मिसळीला पाऊण किलो सुकी मटकी पुरते, मोड आले की ती दुपटीच्या वर जाते, एक किलो फरसाण, पाव, कांदे, सुकं खोबरं, लिंबं, थोडं दही, सगळं मिळून आमच्या इथे पुण्यात हजाराच्या आसपास होतं. पावभाजीची भाजी स्वस्तच पडते हो, बटाटा आणि फ्लॉवरला किती लागतात, पण बटर सगळं गणित बिघडवतं. अमूलचं अर्ध्या किलोचं पॅकेट अडीचशेच्या वर आणि पंधरा माणसांत ते पुरेलच असं नाही, कारण भाजीत घालायचं, पावाला लावायचं आणि वर प्रत्येकाला एक तुकडा हवाच असतो. शिवाय टोमॅटोचा भरवसा नाही, 2023 च्या जुलैत किलोला शंभराच्या वर गेला होता तेव्हा पावभाजी करायची हिंमतच झाली नव्हती. तरी धरून चला की पावभाजीला दोन-तीनशे रुपये जास्त. एवढ्यासाठी कोणी निर्णय बदलू नये असं मला वाटतं.

चवीचं म्हणाल तर लहान मुलं असतील तर पावभाजीला तोड नाही, आजी-आजोबांनाही ती चावायला सोपी. मिसळीत मुलांसाठी मटकीची उसळ कमी तिखट ठेवायची आणि कट वेगळ्या पातेल्यात करायचा, म्हणजे ज्याला झेपेल तो तेवढा ओतून घेतो. हे जमतं पण मुलं पावभाजीवर जशी तुटून पडतात तशी मिसळीवर पडत नाहीत हे खरं. आणि कांदा-लसूण न खाणारं कोणी येणार असेल तर मिसळीचा विचार सोडूनच द्या, कांदा-लसणाशिवायच्या कटाला काही मजा नाही. पावभाजी मात्र कच्ची केळी घालून बिनकांद्याची चांगली होते, आमच्या शेजारच्या जैन काकू करतात ती मी आवडीने खातो.

आता मुद्द्याचं, ज्याच्यामुळे माझा निर्णय झाला. पाव.

भाजी दुपारीच करून ठेवता येते, त्यात काही अडचण नाही. पण पावभाजीचा पाव आयत्या वेळी तव्यावर बटर लावून भाजावाच लागतो, गार पाव पुढे ठेवला तर लोक बोलत नाहीत पण खातही नाहीत. घरच्या तव्यावर उघडलेले पाव एका वेळी दोन बसतात, फार तर तीन. माणशी तीन पाव धरले तर पंचेचाळीस पाव झाले, म्हणजे पंधरा-वीस घाणे, आणि टी-ट्वेंटीत दोन डावांमधला ब्रेक असतो 20 मिनिटांचा. ब्रेकमध्ये सुरू केलं तरी शेवटच्या माणसाला पाव मिळेपर्यंत दुसरा डाव सुरू झालेला असतो, आणि तोवर पहिल्याला दुसऱ्या फेरीचे पाव हवे असतात. म्हणजे घरातलं कोणीतरी एक जण तव्याला बांधलेलं.

29 जून 2024 ला टी-ट्वेंटी वर्ल्डकपची बार्बाडोसमधली फायनल आपल्याकडे रात्री 8 ला सुरू झाली तेव्हा आमच्याकडे पावभाजी होती. आमच्या घरात क्रिकेटचं खरं वेड बायकोला आहे, ती बॉलरच्या हातातली सीम, म्हणजे बॉलची शिवण, बघून बॉल कुठे जाणार ते सांगते. ब्रेकला ती तव्यापाशी उभी राहिली, मी बटर लावून देत होतो, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात असतानाच हॉलमधून जो आवाज उठला तो बुमराहने दक्षिण आफ्रिकेच्या हेन्ड्रिक्सला बोल्ड केल्याचा. ती उलथनं हातात घेऊन धावली तोपर्यंत लोक रिप्ले बघत होते. परत तव्याकडे आली तर मार्करमही गेला, अर्शदीपच्या ओव्हरला. रिप्ले दिसतो हो, नाही असं नाही, पण बॉल सुटल्यापासून स्टंप पडेपर्यंतचा जो क्षण सगळ्यांनी एकत्र श्वास रोखून बघायचा असतो त्यासाठीच तर माणसं बोलावलेली असतात ना. सूर्यकुमारचा कॅच तिला बघायला मिळाला ही देवाची कृपा, कारण तोवर पाव संपले होते.

मिसळीला हा प्रकारच नाही. पाव तसाच मऊ लागतो, ताजी लादी आणली की झालं, कोल्हापुरात तर मिसळीबरोबर सरळ ब्रेडच्या स्लाइस देतात, तेही चालतं. टेबलावर ओळीने उसळ, फरसाण, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि दही मांडून ठेवायचं, कट गॅसवर अगदी मंद आचेवर, आणि ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं. फरसाण सर्वात शेवटी, कट ओतायच्या आधी, हे एकदा सगळ्यांना सांगून ठेवलं की पुरे, नाहीतर कोणीतरी वाडगा भरून गप्पा मारत बसतं आणि शेव मऊ पडते. आयपीएलमध्ये अडीच मिनिटांचा जो टाइमआउट असतो त्यात एक माणूस उठून वाडगा भरून परत जागेवर येतो, मी बघितलंय.

2 नोव्हेंबर 2025 ला महिलांची वर्ल्डकप फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला होती तेव्हा हे फारच उपयोगी पडलं. मॅच दुपारी 3 ची, माणसं अडीचलाच आली, आणि पावसामुळे टॉसही लांबला, सुरू व्हायला 5 वाजले. मिसळीला काही फरक पडला नाही, अर्ध्या लोकांनी पावसातच एक वाडगा खाऊन घेतला, उरलेल्यांनी शेफाली आणि स्मृतीची शंभरची ओपनिंग झाल्यावर, आणि रात्री दीप्तीला विकेट मिळायला लागल्या तेव्हा परत एकदा कट गरम झाला. कट जेवढा मुरतो तेवढा चांगला लागतो, त्यामुळे मॅच मध्यरात्रीपर्यंत गेली याचं कोणाला काही वाटलं नाही. हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा बायको टीव्हीच्या अगदी समोर सतरंजीवर बसलेली होती आणि रडत होती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात असती तर मला स्वतःला चैन पडलं नसतं.

मिसळीचा त्रास दुसरीकडे आहे, तोही सांगायला हवा. एक म्हणजे तयारी आधी लागते. रविवारची मॅच असेल तर मटकी शुक्रवारी रात्री भिजवायची, शनिवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधायची, थंडीत मोड यायला पूर्ण दिवस लागतो, मे महिन्यात मात्र रात्रीपर्यंतच येतात आणि मग फ्रिजमध्ये टाकली नाही तर चिकट होऊन वास मारते. सेमीफायनल जिंकल्यावर उत्साहात आयत्या वेळी ठरवलं तर मोड आलेली मटकी बाजारात मिळते, पण तिच्यात निवडायला खूप जातं. पावभाजी तीन तासांत उभी राहते.

दुसरं म्हणजे सांडणं. मिसळ पातळ असते, सिक्स गेला की माणूस वाडग्यासकट उठतो, आणि तर्रीचा लाल डाग फिकट सोफ्यावरून निघत नाही. त्यावर आम्ही सोफ्यावर जुन्या चादरी टाकतो आणि खाली सतरंजी. उथळ प्लेट अजिबात नको, खोल वाडगा हवा. घरात तेवढे नसले तर उसाच्या चिपाडाचे बाऊल आणतो, थर्माकोल तर 2018 पासून महाराष्ट्रात बंदच आहे आणि कागदी द्रोण गरम कटाने ढिले पडतात. चिपाडाचे बाऊल थोडे महाग वाटतील पण रात्री बारानंतर भांडी घासावी लागत नाहीत.

तर तुमच्याकडे मोठा ओव्हन असेल, ज्यात ट्रेभर पाव एकदम भाजून निघतात, किंवा पाहुण्यांत मुलंच जास्त असतील, तर पावभाजी करा, मी अडवणार नाही. वनडेत मॅच लांब असते, ब्रेकही मोठा मिळतो, तिथेही जमून जातं. पण टी-ट्वेंटी असेल, घरातल्या सगळ्यांनाच मॅच बघायची असेल आणि मदतीला बाहेरचं कोणी नसेल, तर माझ्या मते मिसळच. पाव माणशी चार धरा, तीन कमी पडतात, आणि लादी शक्यतो त्याच दुपारची आणा. कट अंदाजापेक्षा दीडपट करा, उसळ उरते पण कट कधीच उरत नाही.