लीसबर्गची थॉमस बाल्च लायब्ररी: एक वर्ष ठरवा आणि जा

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, आमच्या ॲशबर्नमध्ये इतिहासाचा विषय निघाला की समोरचा हमखास म्हणतो, "इथे कसला आलाय इतिहास? शेतं होती, बिल्डर आले, मग आपण आलो." आमच्या लाउडन काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, आकडे पाहिले तर त्याचं अगदीच चुकतं असंही म्हणवत नाही. 1990 मध्ये इथे 86,129 माणसं राहत होती, 2020 च्या जनगणनेत 4,20,959. तीस वर्षांत जवळपास पाचपट. शेजारीपाजारी ज्याला विचारावं तो नोकरीपायी कुठून तरी आलेला. पण काउंटी 1757 ची आहे, आणि तिची कागदपत्रं जिथे जपून ठेवली आहेत ती जागा आपल्यापासून फार लांब नाही. लीसबर्गच्या वेस्ट मार्केट स्ट्रीटवरची थॉमस बाल्च लायब्ररी.

लायब्ररी म्हटल्यावर मुलांचा स्टोरी टाइम आणि उन्हाळी वाचनाची बक्षिसं डोळ्यांपुढे आणू नका. ती काउंटीची लायब्ररी, ती वेगळी. ही लीसबर्ग गावची, आणि इथे विषय दोनच: इतिहास आणि वंशावळी. पुस्तकं घरी न्यायची नाहीत, तिथेच बसून वाचायची. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. देशमुख-कुलकर्ण्यांची वंशावळ इथे सापडणार नाही हे उघड आहे, तरी आपलं काही अडत नाही.

माझा सल्ला एवढाच, की "जरा इतिहास बघू" म्हणून जाऊ नका. कपाटं, नकाशे, फोटो, घराण्यांच्या फायली बघून तासाभरात डोकं गरगरतं आणि माणूस घरी येतो. त्यापेक्षा एक वर्ष ठरवा आणि त्या वर्षाचं स्थानिक साप्ताहिक पहिल्या अंकापासून वाचायला घ्या. बावन्न अंक म्हणजे काही महाभारत नव्हे. मी 1968 घेतलं. त्याचं कारण साधं होतं: जुन्या रेल्वेमार्गावर झालेल्या डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर, म्हणजे पायवाटेवर, रोज चालायला जाते, आणि ती रेल्वे 1968 मध्ये बंद झाली एवढंच कुठेतरी वाचलं होतं.

लाउडन टाइम्स-मिरर या स्थानिक साप्ताहिकाचे जुने अंक मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मवर आहेत. ज्यांनी मायक्रोफिल्म कधी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. खोक्यातून रीळ काढायचं, एका खुंटीवर चढवायचं, फिल्मचं टोक काचेखालून ओढून दुसऱ्या रिकाम्या रिळात अडकवायचं, मग पडद्यावर पान उमटतं. ते आडवं येतं, उलटं येतं, कधी अर्धंच येतं. चाक जरा जोरात फिरवलं की मार्चमधून थेट मे महिन्यात. शब्द टाइप करून शोधायची सोय रिळाला नसते, आणि खरं तर त्यातच मजा आहे. जे शोधायला गेलो त्याच्या आजूबाजूचं सगळं डोळ्यांखालून जातं: गवताचे भारे विकणे, दुभत्या गायी, शेतावरच्या लिलावाची तारीख, चर्चमधलं सामुदायिक जेवण. एकेकाळी ही काउंटी दुधासाठी प्रसिद्ध होती. आज जिथे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती उभ्या आहेत त्या बाजूला डेअरी फार्म होते, हे ऐकून माहीत असतं. गायीची जाहिरात वाचल्यावर ते पटतं.

आता रेल्वे. वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियनची (हीच ती डब्ल्यू अँड ओडी) प्रवासी गाडी 1951 मध्येच थांबली होती, मालगाडी ऑगस्ट 1968 पर्यंत कशीबशी चालली. त्यानंतर रुळाखालच्या जमिनीचा बराचसा पट्टा वीज कंपनीने घेतला. ट्रेलवर चालताना डोक्यावरून गुणगुणत जाणाऱ्या त्या उंच तारा बघून मी इतकी वर्षं नाक मुरडत आले. पण त्या तारांसाठी पट्टा अखंड राहिला म्हणून नंतर त्यावर 45 मैलांचा ट्रेल होऊ शकला. नाहीतर त्याचे तुकडे पडून केव्हाच टाउनहाउसं झाली असती. ॲशबर्न हे तेव्हा याच रेल्वेवरचं एक छोटं स्टेशन होतं. 1896 पर्यंत त्याचं नाव फार्मवेल, जे आता रस्त्याच्या आणि शाळेच्या पाटीवर उरलंय.

मी रेल्वेसाठी गेले आणि अडकले शाळांपाशी. 1968 हेच लाउडनमधल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा पूर्णपणे एकत्र झाल्याचं वर्ष आहे. शाळांमधली वर्णानुसार वेगळी व्यवस्था घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा ब्राउन खटल्याचा निकाल 1954 चा. मधली चौदा वर्षं काउंटीने टाळाटाळीत घालवली आणि शेवटी फेडरल कोर्टाने बडगा उगारला तेव्हा कुठे हललं. आपली मुलं ज्या शाळांमध्ये जातात, ज्यांच्या रेटिंगवरून आपण घरं घेतो, त्यांची ही गोष्ट आहे.

इथे लायब्ररीची खरी किंमत कळते. एका वर्षाचं बोट धरून मागे जाता येतं, कारण त्याच छपराखाली आधीचे कागदही आहेत. 1968 मध्ये बंद झालेलं, काळ्या मुलांसाठीचं डग्लस हायस्कूल काउंटीने स्वतःहून बांधलं नव्हतं. काळ्या पालकांनी काउंटी-वाइड लीग नावाची संघटना काढली, पैसा पैसा जोडून 4,000 डॉलर उभे केले, आठ एकर जमीन घेतली आणि ती काउंटीला एका डॉलरला दिली. का? तर निदान जागा नाही ही सबब तरी उरू नये म्हणून. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे वकील त्यांच्या पाठीशी होते. ब्राउन खटला लढवणारे थर्गुड मार्शल यांचे गुरू ते हेच. ह्यूस्टननी 1933 मध्ये लीसबर्गच्याच कोर्टात खुनाचा आरोप असलेल्या जॉर्ज क्रॉफर्ड या काळ्या माणसाचा खटला लढवला होता, त्यामुळे गाव त्यांना नवं नव्हतं. शाळा 1941 मध्ये सुरू झाली. इमारत झाली, तरी सामानसुमानासाठी पालकांना पुन्हा वर्गणी काढावी लागली. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर वीस डॉलरवरून होणारी आपली चर्चा मला त्यानंतर जरा जड गेली.

डग्लसची इमारत ईस्ट मार्केट स्ट्रीटवर आजही उभी आहे. लायब्ररी त्याच रस्त्याच्या पश्चिमेला, मध्ये कोर्ट. वाचन झालं की हा रस्ता पायी चाला, जोडे चांगले घाला. कोर्टाच्या आवारात 1908 पासून कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या, सैनिकाचा पुतळा होता, तो जुलै 2020 मध्ये काढला.

आणि लायब्ररीचं स्वतःचं काय? 1922 ची ही देखणी वास्तू 1965 पर्यंत फक्त गोऱ्यांसाठी होती. म्हणजे मी ज्या खुर्चीत बसून डग्लसच्या पालकांबद्दल वाचत होते तिथे त्या पालकांना बसता आलं नसतं. हे कोणी लपवत नाही ही गोष्ट मला आवडली. लायब्ररीच्या मित्रमंडळाची काळ्या लोकांच्या इतिहासासाठी वेगळी समिती 2000 पासून काम करते आहे, आणि त्या विषयाचा साठा इथे चांगला आहे.

वाढीचं कोडंही इथेच थोडं सुटतं. 1960 मध्ये 24,549 वस्ती, 1970 मध्ये 37,150. वॉशिंग्टनचा डलस विमानतळ 1962 मध्ये उघडला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विमानतळाच्या निमित्ताने पोटोमॅक इंटरसेप्टर नावाची सांडपाण्याची मोठी वाहिनी आली, आणि तिच्यामुळे पूर्व लाउडनमध्ये दाट वस्ती शक्य झाली, याची आठवण कोण काढतं? स्टर्लिंग पार्कची घरं त्याच दशकातली. उद्घाटनाच्या फिती विमानतळाच्या आणि गटार जमिनीखाली, त्यामुळे श्रेय कोणाला मिळणार हे ठरलेलंच.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मायक्रोफिल्मने धरलेल्या मानेपायी, त्यात लायब्ररीचा दोष नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, त्यांचे आणि तुमचे दोघांचेही हाल. मोठ्या मुलांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी जरूर न्या, मात्र गुगलवर आधी थोडं वाचून, नेमका प्रश्न घेऊन. टेबलापाशी बसणाऱ्या लोकांना "1968 मधल्या शाळा" असं ठोस काही सांगितलं की योग्य खोकं चटकन हातात येतं, "काहीतरी इंटरेस्टिंग दाखवा" म्हटलं तर ते तरी काय करणार? पेन्सिल न्या, जाड स्वेटर न्या, आणि निघण्याआधी उघडायच्या वेळा बघून घ्या.

पुढच्या वेळी मी 1962 काढायला सांगणार आहे. नवऱ्याला 1996 हवंय, एओएल या इंटरनेट कंपनीचं ऑफिस डलसला आलं ते वर्ष. त्याचं म्हणणं, खरा इतिहास तिथून सुरू होतो. त्याला वेगळं मशीन घ्यावं लागेल.